एक पाय नावेत

बंगळूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या सेक्रेटरीसाहेबांनी आणि त्यांच्या पत्नीने माझ्या बहिणीला फसवलं. मागच्या शतकातल्या एका मराठी कादंबरीचा शेवट त्यांनी तिच्यापासून दडवून ठेवला आणि त्याच्या जागी खोटा शेवट सांगितला. जमीन लुबाडली असती, दागिने लाटले असते, तर लोकांना लगेच समजलं असतं. कादंबरीचा शेवट चोरला म्हटलं की लोक हसतात. मंडळातलेही हसले होते. म्हणून पहिल्यापासून सांगतो. हसायचं असेल त्याने शेवटी हसावं.

आम्ही बेळगावकडचे. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. मोठ्या बहिणीला आमच्याकडे अक्का म्हणतात, मीही तेच म्हणायचो, आणि पुढे बंगळूरमध्ये सगळं गावच तिला अक्का म्हणू लागलं. तिचं लग्न परकर नेसायच्या वयात झालं आणि वर्ष पुरं व्हायच्या आत नवरा तापाने गेला. त्याचा चेहरा तिला आठवत नसे. अंतरपाटाखालून दिसलेले त्याचे पाय तेवढे आठवत. "गोरे होते, आणि एका अंगठ्याला लागलेलं होतं," असं ती सांगायची. तेवढ्या दोन पायांसाठी तिने जन्मभर कपाळ मोकळं ठेवलं, पंक्ती उठल्यावर मागच्या दाराशी बसून गार भात खाल्ला. तिला शाळेत कोणी घातलं नाही. मी चार इयत्ता शिकलो, आणि मला ज्या काही इयत्ता पुढे मिळाल्या त्या रद्दीतून मिळाल्या.

लढाई संपल्यावर मी तिला घेऊन बंगळूरला आलो. काकांच्या घरात तिची जी धुणीभांडी चालली होती ती मला बघवेना. इथे मी पाठीवर पोतं टाकून कँटोनमेंटमध्ये रद्दी गोळा करू लागलो. तेव्हा गोरे लोक घरं आवरून चालले होते. मोठमोठ्या बंगल्यांच्या व्हरांड्यात कातडी बांधणीच्या कादंबऱ्यांचे ढीग लागलेले असत. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्या कादंबऱ्यांचा भाव मला कोणापेक्षाही चांगला करता येई. एक एक कादंबरी तीन तीन खंडांची. पहिल्या खंडाचे कोपरे हाताळून मऊ झालेले, दुसऱ्याचे थोडे कमी, आणि तिसरा बहुतेक वेळा कोरा, पानं जोडलेली तशीच. म्हणजे विकत घेणारा शेवटापर्यंत गेलाच नाही. तरी आमच्या धंद्यात पहिला हात शेवटच्या खंडालाच घालायचा. तो असला तर माल. तो नसला तर आधीचे दोन्ही रद्दी, कातडं कितीही चांगलं असो. हा नियम मी पहिल्याच वर्षी शिकलो आणि त्यानंतर मला पुस्तकांत कोणी फसवू शकलं नाही. एकदाच सोडून.

पुढे चिक्कपेटेजवळ मी जुन्या पुस्तकांचं छोटं दुकान टाकलं. अक्का मल्लेश्वरममध्ये सेक्रेटरीसाहेबांच्या घरी स्वयंपाकाला जायची. आम्ही आलो तेव्हा तिच्याच हातावर दोघं जेवलो, आणि दुकान चालायला लागल्यावर मी सोड म्हटलं तर म्हणाली, घरात बसून भिंतीशी बोलू काय. साहेब सरकारी कारखान्यात इंजिनिअर, पुण्याकडचे. दोन लहान मुलं. त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, हातून एक भाकरी धड उतरत नसे. ते घर अक्कावर चालायचं.

मंडळ या लोकांचंच. कारखान्यांतले, संशोधनातले, सगळे पदवीधर. गणपती, नाटक, रविवारची बैठक. मराठी पुस्तकं मात्र बंगळूरमध्ये मिळत नसत. म्हणून त्यांनी एक रीत काढली होती, तशी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. जाड कादंबरी हाती लागली की तिची शिवण उसवायची. पुस्तक छापताना मोठ्या कागदावर पानं एकत्र छापून घडी घालतात, तिला फर्मा म्हणतात. काही काही फर्म्यांचा एक भाग करायचा, त्याला खाकी कागद लावायचा आणि भाग घरोघर फिरवायचे. रविवारी बैठकीत अदलाबदल. अशाने एक कादंबरी एकाच वेळी अनेक घरं वाचत. नियम एकच, पुढच्याने मागच्याला गोष्ट सांगायची नाही. हा नियम फार कडक पाळला जाई. त्यासाठी दोन घरांत अबोला धरल्याचंही मला माहीत आहे.

मला त्यांनी मंडळात घेतलं नव्हतं. रद्दीवाला. तोंडावर कोणी म्हणालं नाही, अर्ज विचाराधीन आहे एवढंच म्हणायचे. मग एका पेन्शनर म्हाताऱ्याच्या घरची पुस्तकं उचलताना मला ती कादंबरी मिळाली. तिचं नाव मी इथे घालणार नाही, कारण ज्यांना ते माहीत असायला हवं त्यांना ते माहीत आहे. लिहिणारा मागच्या शतकातला, कुठल्याशा कोर्टातला कारकून. प्रस्तावनेत त्याने वाचकांची माफी मागितली होती, की कचेरीत जाण्यापूर्वी मिळेल तेवढ्या वेळात लिहिलं आहे, आणि मासिकाने मधेच छापणं बंद केल्यामुळे उरलेलं पदरमोड करून छापलं आहे. लोकांनी त्याला शिव्या दिल्या असाव्यात, कारण त्याचंही उत्तर प्रस्तावनेत होतं, आणि ते माफीपेक्षा लांब होतं. मला तो माणूस आवडला. गोष्ट एका विधवा मुलीची. मी शेवटचं पान तपासलं, जागेवर होतं. पुस्तक पुरं होतं.

मी ते सेक्रेटरीसाहेबांपुढे धरलं आणि सौदा सांगितला. पुस्तक मंडळाला, आणि मी मंडळात. साहेबांनी स्वल्प घासाघीस केली, मी पुस्तक परत पिशवीत घातलं, आणि मी मंडळात आलो. शिवण उसवली गेली. आमचं घर रांगेत सगळ्यांत शेवटी ठेवलं. आमच्या आधी साहेबांचं.

रविवारी दुपारी आमच्या वठारात, म्हणजे एकाच अंगणाभोवतीच्या बिऱ्हाडांच्या चाळीत, नळाजवळच्या कट्ट्यावर बसून मी अक्काला भाग वाचून दाखवायचो. ती तांदूळ निवडायची. तिचं ऐकणं गप्प नव्हतं. ती लिहिणाऱ्याशी भांडायची. त्या मुलीचा दीर गोड बोलायला लागला की म्हणायची, "हे गोड बोलणं कशाला ते मला विचार." एकदा त्याने लिहिलं होतं, की सगळ्यांना वाढून झाल्यावर ती मुलगी आधी पातेलं वाकडं करून बघते आणि मग भूक नाही म्हणते. अक्काचा हात थांबला.

"लिहिणारा पुरुष आहे नव्हे रे?"

"पुरुषच."

"मग याला हे कोणी सांगितलं?"

मी म्हणालो, बघितलं असेल घरात.

"बघतात सगळेच की," ती म्हणाली. "आहे का अजून?"

"कधीच गेला असेल."

"चांगला होता. असता तर कॉफी दिली असती."

त्याच दिवसांत दुसरी एक गोष्ट घडली. वठारात एका बाईचं अडलेलं बाळंतपण अक्काने निभावलं. मागून डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी अक्काचं काम पाहिलं. या बाई माझ्या गिऱ्हाईक, जुन्या इंग्रजी कादंबऱ्या घ्यायच्या, आणि भाव करण्यात माझ्या तोडीच्या होत्या. त्यांनी कन्नडमध्ये अक्काला सरळ विचारलं, माझ्या दवाखान्यात ये, सुईणीचं काम शिकवते, राहायला खोली देते, लिहा-वाचायलाही शिकशील. दसऱ्यापर्यंत सांग, नाहीतर दुसरी बघेन.

अक्का हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. सगळ्या जातींच्या बाळंतिणींना हात लावायचा म्हणजे साहेबांचंच काय, आपल्या माणसांतलं कुठलंच स्वयंपाकघर तिला पुन्हा उघडलं नसतं. गावाकडचे तर मेली समजले असते. ती कामाला जात राहिली, आणि वहिनींनाही तिने ही गोष्ट सांगितली. तिच्या पोटात काही राहत नसे.

मग शेवटून दुसरा भाग आला. ती मुलगी पहाटे बोचकं घेऊन घराबाहेर पडते. नदीच्या उतारावर नाव लागलेली असते. नावाडी विचारतो, पलीकडे यायचं का. फर्मा जिथे संपला तिथे वाक्य संपलं नव्हतं. तिने एक पाय नावेत ठेवला आणि, एवढंच. खाली खाकी कागद.

अक्काने सूप खाली ठेवलं. अंगणाकडे बघत म्हणाली, "ती बसली तर मीपण बसते रे. जटका बोलाव."

जटका, म्हणजे इथला टांगा, बोलवायला सांगताना ती हसली. पण निवडणं अर्धं टाकून ती कधी उठत नसे, आणि त्या दिवशी ती उठली आणि पेटी उघडून आपली दोन लुगडी बघून आली. हे मी स्वतः पाहिलं. नावेचं ते बोलणंही तिने दुसऱ्या दिवशी वहिनींना हसत सांगितलं.

पुढच्या रविवारी मी बैठकीत शेवटचा भाग मागितला. साहेब म्हणाले, तो हरवला. साखळीतलं एक कुटुंब बदली होऊन उत्तरेत गेलं, त्यांच्या सामानात गेला असणार. पत्ता मागितला, उद्या देतो म्हणाले. तो उद्या आला नाही. मी आवाज चढवला तेव्हा एक जण म्हणाला, अहो, एवढं काय, रद्दीत दुसरी मिळेल. सगळे हसले ते तेव्हा. मी बंगळूरची सगळी दुकानं पालथी घातली, बेळगावला माणूस पाठवला. मिळाली नाही. कारकुनाने पदरमोड करून छापलेल्या पुस्तकाच्या प्रती असणार किती?

आणि एक दिवस अक्का कामावरून आली ती शेवट घेऊनच आली. बदली झालेल्या त्या कुटुंबाकडे बसून वहिनींनी तो भाग हरवण्याआधी वाचला होता म्हणे. पोळ्या लाटताना त्यांनी तिला सगळा सांगितला. ती मुलगी नावेत एक पाय ठेवते, तेवढ्यात तिला पुतण्याची हाक ऐकू येते. ती परत फिरते. सासू दारातच तिला पोटाशी धरते. पुढे त्या घरात तिच्याशिवाय पान हलत नाही आणि सगळे तिला देवीसारखं मानतात.

मी म्हणालो, मला पटत नाही. तो माणूस असं लिहिणार नाही.

अक्का पाय धूत होती. म्हणाली, "त्याला सगळं ठाऊक होतं. पातेलं वाकडं करून बघतात तेसुद्धा ठाऊक होतं. मग शेवट काय खोटा लिहील?"

तिने डॉक्टरीणबाईंना नाही म्हणून कळवलं. पेटीत वर काढून ठेवलेली लुगडी पुन्हा तळाशी गेली. डॉक्टरीणबाई दुकानात आल्या तेव्हा माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या, आणि त्या दिवशी भाव न करताच पुस्तक घेऊन गेल्या.

साहेब मंडळात दरवर्षी एक व्याख्यान देत. विषय ठरलेला, जुने कादंबरीकार. बोलायचे सुरेख. मागच्या शतकात मूठभर माणसांनी, कोणी मास्तर, कोणी कारकून, लेखणी हातात धरली आणि चुलीपाशी कोंडलेल्या बायकांना उजेडात आणलं. कादंबरी म्हणजे करमणूक नव्हे, कादंबरी माणसाचं आयुष्य पालटते. टाळ्या पडायच्या. पडद्यामागे अक्का सगळ्यांसाठी उप्पीट परतत असायची. पुढे पुढे तिला ते व्याख्यान पाठ झालं होतं. कुठे टाळ्या येणार हे ती मला आधी सांगायची.

अशी वर्षं गेली. धुराने तिचे डोळे गेले नव्हते अजून, पण सारखं पाणी यायचं, आणि खोकला. साहेबांची मुलं तिच्या हातचं खाऊन माझ्याएवढी उंच झाली. साहेबांना बढती मिळाली, पुण्याला बदली झाली. घर आवरायला काढलं. रद्दी उचलायला अर्थातच मला बोलावलं.

मी मागच्या दाराने गेलो. अक्का स्वयंपाकघरातल्या फडताळातून डबे उतरवत होती आणि फळ्यांवर डब्यांखाली अंथरलेले कागद काढून माझ्याकडे टाकत होती. वहिनींनी तेलकट डाग पडू नयेत म्हणून कागदावर कागद घातलेले. वर वर्तमानपत्रं, खाली आणखी जुने. मी गठ्ठा नीट करत होतो. एका कागदावर हात थांबला. पिवळं पान, आणि तो छाप. तसली अक्षरं आता कोणी पाडत नाही. मी फळीजवळ गेलो आणि उरलेले कागद स्वतः सोडवले. घडी उलगडून अंथरलेले फर्मे. हिंगाच्या डब्याखाली, मेतकुटाच्या बरणीखाली, तेलाच्या बुधलीखाली. ती रोज सकाळ-संध्याकाळ त्याच्यावरचेच डबे काढत होती आणि ठेवत होती. वाचता येत नव्हतं.

पहिल्या पानाची पहिली ओळ अर्ध्या वाक्याने सुरू होत होती. मी ती मोठ्याने वाचली.

"…दुसरा पाय काठावरून उचलताना तिने मागे वळून पाहिले नाही."

अक्काच्या हातात डबा होता. तो तिने पदराने पुसला, पुन्हा पुसला.

वहिनी दारात आल्या होत्या. मी विचारलं, हा भाग हरवला होता ना? त्या आधी म्हणाल्या, जुना कागद, कुठून तरी आला असेल. मग माझं तोंड बघून सरळ बोलल्या. त्याबद्दल मी त्यांना नवऱ्यापेक्षा थोडं जास्त मानतो.

"माझी दोन्ही मुलं लहान होती तेव्हा. या गेल्या असत्या तर मी काय केलं असतं? आणि तिथे त्यांचे हालच झाले असते. मी त्यांच्या भल्याचंच सांगितलं. विचारा त्यांना, कधी काही कमी केलं का आम्ही?"

आवाज ऐकून साहेब आले. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं हे विचारावं लागलं नाही. मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या वठारातल्या माणसालाही लाज वाटली असती. साहेब शांत राहिले. मला म्हणाले, तुमच्या दुकानाला या कॉलनीतली रद्दी कोणी मिळवून दिली तेही आठवा. आणि मग म्हणाले,

"अहो, कादंबरी आहे ती. कादंबरीवरून कोणी आयुष्य ठरवतं का?"

"हे व्याख्यानात का नाही सांगितलंत?" मी म्हणालो.

अक्का मधे पडली. म्हणाली, "अण्णा, चल. कागद घे." मी लहान असून ती मला कधी कधी अण्णा म्हणायची, विनवायचं असलं की.

घरी कट्ट्यावर बसून मी तिला शेवट वाचून दाखवला. तेलाच्या वर्तुळातून अक्षरं अर्धी पारदर्शक झाली होती, मागच्या पानाची उलटी अक्षरं पुढे येत होती, पण वाचता येत होतं. कारकुनाने त्या मुलीला काही फार सुख दिलं नाही. पलीकडच्या गावात ती मुलींच्या शाळेत पाणी भरते, मग तिथेच शिकते. लोक दगड मारतात. दीर एकदा न्यायला येतो, ती दार उघडत नाही. शेवटच्या पानावर ती स्वतःचं ताट स्वतः वाढून घेते आणि खिडकीतून नदीपलीकडच्या घराचा धूर बघते. संपलं.

नळाखाली कोणाची तरी घागर भरून वाहत होती, ती अक्काने उठून काढली नाही. मग विचारलं, "ते ताट गरम होतं का रे?"

मी पान पुन्हा वाचलं. म्हणालो, ते लिहिलेलं नाही.

गरम होतं म्हणालो असतो तर माझं काय जात होतं, असं नंतर मला काहींनी विचारलं. न लिहिलेलं सांगायला मी सेक्रेटरीची बायको नाही. तिला एकदा तसं सांगून झालं होतं.

तिने मान हलवली. कन्नडमध्ये 'बरं' म्हणतात तसं म्हणाली, "सरी. ठेव आता." ते पुस्तक तिने पुन्हा कधी मागितलं नाही. मी तिला घेऊन डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेलो होतो. तिथे दुसऱ्या बाई आल्या होत्या, आणि त्यांनी अक्काचे डोळे बघून मलाच बाजूला घेऊन सांगितलं, या डोळ्यांनी आता हे काम व्हायचं नाही. अक्काने मग दुसऱ्या एका घरी काम धरलं, डोळ्यांना चूल दिसेनाशी होईपर्यंत केलं. शेवटच्या वर्षात तिला काहीच दिसत नव्हतं. पंक्ती उरल्या नव्हत्या, घरात आम्ही दोघंच, तरी मी जेवून उठल्याशिवाय ती ताट घेत नसे. मी ओरडायचो, भांडायचो. ती म्हणायची, सवय. असं करता करता ती गेली.

रांगेत आमचं घर शेवटचं, म्हणून आधीचे भाग माझ्याकडेच राहिले होते; ते सगळे मी पुन्हा एकत्र शिवून घेतले आहेत. पुस्तक पुरं आहे, शेवटचा फर्मा तेलकट आहे. दुकानात गिऱ्हाईक विचारतं, विकायचं आहे का. आयुष्यभर मी प्रत्येक वस्तूचा भाव सांगितला आहे. याचा मला सांगता येत नाही.

परवा मंडळाची स्मरणिका हाती आली. तीत साहेबांवर अख्खं पान आहे. मराठी कादंबरीची ज्योत परक्या मुलखात तेवत ठेवणारे, असं लिहिलंय. अक्काच्या हातचं उप्पीट खाल्लेल्या माणसांनी लिहिलंय.

तेव्हा साहेब, तुम्ही पुण्यात आहात, धडधाकट आहात, अजून व्याख्यानं देता असं कळतं. एकदा बंगळूरला या. त्याच व्यासपीठावर उभे राहा. कादंबरी आयुष्य पालटते हे खरं, की कादंबरीवरून कोणी आयुष्य ठरवत नाही हे खरं, दोन्हींतलं एक सांगा. पहिलं खरं असेल तर माझ्या बहिणीचं आयुष्य तुमच्या फडताळात होतं, ते कोणी अंथरलं याचं उत्तर द्या. दुसरं खरं असेल तर इतकी वर्षं टाळ्या कशाच्या घेतल्यात ते सांगा. आणि तुम्ही येणार नसाल, तर त्या टाळ्या वाजवणाऱ्या मंडळाने सांगावं. ती मुलगी परत फिरली असं लिहिणाऱ्याने लिहिलेलं नाही. मग तिला परत कोणी फिरवलं? मला उत्तर पाहिजे.